घड्याळापासून बाजारापर्यंत

"बाबा, फोन चार्ज केलाय ना? पत्त्याची चिठ्ठी खिशात आहे ना? आणि पाऊस आला तर सरळ बसमध्ये बसा, उगाच चालत राहू नका."

लीड्समधल्या मुक्कामात माझी प्रत्येक सकाळ या तीन वाक्यांनी सुरू व्हायची. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री मला पहिल्या नेमणुकीच्या गावी पाठवताना अशाच सूचना देत होत्या. फरक इतकाच, की तेव्हा चिठ्ठीऐवजी खिशात अंगारा होता. सूचना देऊन मुलगी हॉस्पिटलात ड्यूटीवर जायची, जावई ऑफिसला, नात शाळेत. पावणेनऊला घर रिकामं व्हायचं. मग मी दाराला कुलूप लावून, ते दोनदा ओढून बघून (छत्तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीची सवय!) रस्त्याला लागायचो.

मी लीड्सला कसा पोचलो, ते आधी सांगितलं पाहिजे. आमच्या हिला जाऊन दोन वर्षं झाली होती. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. मुलीचा धोशा चालला होता, "तुम्ही इकडेच या, कायमचे." कायमचं येणं तिच्या हातात नव्हतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ब्रिटिश सरकारने २०१२च्या जुलैमध्ये नियम असे आवळले, की परदेशी राहणाऱ्या आईवडिलांना मुलांकडे कायमचं जाणं जवळजवळ अशक्य झालं. आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामं स्वतःची स्वतःला करता येत नाहीत, आणि त्यासाठी लागणारी मदत आपल्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे माणूस पुरता परावलंबी हवा. मी अजून पोळ्यासुद्धा करतो. गोल होत नाहीत, पण होतात. तेव्हा मला मिळाला तो पाहुण्याचा व्हिसा. एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने.

एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर मुलगी डायनिंग टेबलाशी तेच नियम पुन्हा वाचत बसलेली. मला बघून तिने लॅपटॉप मिटला. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं चालणं वाढलं, हे मात्र खरं.

ऑल राइट?

मुलीचं घर ओकवुड भागात आहे. राऊंडहे पार्क नावाचं सुमारे सातशे एकरांचं उद्यान इथून जवळ. १८७१ साली ते नगरपालिकेसाठी घेतलं, तेव्हा 'इतक्या लांब कोण जाणार' म्हणून लोकांनी नावं ठेवली होती. आता शहराने त्याला केव्हाच कवेत घेतलंय. ओकवुडच्या चौकात एक उंच, जुन्या घाटाचं घड्याळ उभं आहे. ते मुळात इथलं नव्हे. १९०४ साली लीड्सच्या मध्यवर्ती बाजारासाठी केलेलं हे घड्याळ १९१२ साली तिथून हलवून इथे आणलं. हे कळलं आणि मला एक खेळ सापडला. घड्याळ ज्या बाजारातून आलं, त्या बाजारापर्यंत पायी जायचं. अंतर पाच किलोमीटरच्या आतबाहेर. गुडघ्याने साथ दिली तर परत येतानाही चालायचं. नाहीतर बस आहेच.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ समोरून आले नि म्हणाले, "ऑल राइट?" मी थांबलो. परक्या मुलुखात कुणीतरी आपल्या तब्येतीची चौकशी करतोय, या जाणिवेने भरून आलं. मी त्यांना उजव्या गुडघ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. ते बिचारे सभ्यपणे ऐकत उभे राहिले, कुत्रं मात्र वैतागलं. संध्याकाळी नात हसून हसून लोळली. "आजोबा, ते नुसतं हॅलो असतं. तुम्ही पण 'ऑल राइट' म्हणायचं आणि चालू लागायचं!"

यॉर्कशर परगण्याच्या बोलीचा दुसरा धक्का बसमध्ये बसला. तिकीट देताना चालक मला "लव्ह" म्हणाला. चांगला दाढीवाला, सहा फुटी माणूस. भाजीवाली लव्ह म्हणते, पोस्टातली मुलगी लव्ह म्हणते. आपल्याकडे कोल्हापुरात कुणालाही 'भावा' म्हणतात, तसंच हे. आठवड्याभरात मला त्याची इतकी सवय झाली, की एका दुकानदाराने 'सर' म्हटलं तेव्हा आपलं काही चुकलं की काय, असं वाटलं.

इथली बस हे म्हाताऱ्यांचं वाहन. पेन्शनच्या वयाला पोहोचलेल्या इथल्या रहिवाशांना बसचा पास फुकट असतो. पण देशभरच्या नियमाप्रमाणे आठवड्याच्या दिवसांत तो सकाळी साडेनऊनंतर चालतो. त्यामुळे नऊ पंचविसाला थांब्यावर काठ्या, चाकांच्या पिशव्या आणि पांढरी डोकी गोळा होतात. साडेनऊच्या आतली बस आली, की कुणीतरी चालकाला विचारतंच, "मी फार लवकर आले का?" मी पाहुणा, त्यामुळे मला पास नाही. मी आपला पैसे देऊन दिमाखात चढायचो. उतरताना प्रत्येक जण चालकाला "थँक यू" म्हणतो. शाळकरी पोरंसुद्धा. ही सवय मात्र मला लागली ती सुटलेली नाही. पुण्यात परतल्यावर पीएमपीच्या चालकाला म्हटलं, तर त्याने मी उतरताना काही विसरलो की काय, म्हणून मागे वळून पाहिलं.

पाठीला पाठ

ओकवुडहून राऊंडहे रोडने उतरत गेलं, की हेअरहिल्स लागतं. घरांपुढच्या बागा संपतात आणि लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा सुरू होतात. यांना इथे 'बॅक-टू-बॅक' म्हणतात. पाठीला पाठ लावून बसवलेली घरं. मागची भिंत मागच्या घराची, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्या. दार आणि खिडक्या काय त्या फक्त पुढच्या बाजूला. वारा एकीकडून शिरून दुसरीकडून जाण्याची सोयच नाही. जुन्या घरांत संडास आत नसत. दर काही घरांमागे एक लहान अंगण सोडून तिथे सामाईक बांधलेले. कापडाच्या गिरण्या आणि कपडे शिवण्याचे कारखाने यांतल्या कामगारांसाठी ही वस्ती उभी राहिली. अशी घरं आरोग्याला अपायकारक म्हणून १९०९ साली कायद्याने त्यांना बंदी आली. पण आधीच मंजूर झालेल्या नकाशांची ढाल पुढे करून लीड्समध्ये ती थेट १९३७पर्यंत बांधली जात होती! नियमातून वाट काढण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे, असा माझा समज होता.

या गल्ल्यांत पहिल्यांदा शिरलो आणि थबकलो. रस्त्याच्या या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर चादरी, शर्ट, लहान मुलांचे झबले भर रस्त्यावर डुलत होते. माझं बालपण सांगलीच्या एका वाड्यात गेलं. वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जाणं मला नवं नव्हतं. दारात पायरीवर बसून दोन बाया बोलत होत्या, एक हिजाबमधली, दुसरी पूर्व युरोपातली असावी. एकीचं इंग्रजी तोडकं, दुसरीचं त्याहून तोडकं. गप्पा मात्र जोरात.

ही वस्ती नेहमीच नव्याने आलेल्यांची राहिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन साम्राज्यातून जीव मुठीत धरून आलेले ज्यू इथून जवळच्या लेलँड्स भागात दाटीवाटीने राहत आणि शिवणकाम करत. त्यांच्यानंतर आयर्लंड, कॅरेबियन बेटं, पंजाब, मीरपूर, आणि अलीकडे रुमानिया, कुर्दिस्तान, आफ्रिका. मॉन्टेग्यू बर्टन हा लिथुआनियातून आलेला असाच एक ज्यू मुलगा. त्याच्या हडसन रोडवरच्या कपड्यांच्या कारखान्यात भरभराटीच्या काळात दहा हजारांवर माणसं कामाला होती. आज रस्त्यावरच्या दुकानांत मेथीच्या जुड्या, भेंडी, रताळी, कच्ची केळी असं सगळं मिळतं. सगळं गोड आहे, असं मात्र कुणी समजू नये. गल्लीबोळांत फेकलेल्या गाद्या, फुटलेले सोफे दिसतात; गरिबी लपत नाही. मुलगी म्हणायची, "बाबा, तिथे संध्याकाळी नका हं जाऊ." मी जात नसे. पण सकाळी अकराचं हेअरहिल्स मला आवडे. लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळांत फिरल्यासारखं वाटे.

एका गिनीत नाव

हेअरहिल्सला लागूनच बेकेट स्ट्रीटवर एक जुनं दफनभूमीचं आवार आहे. १८४५ साली उघडलेलं. मी तिथे शिरलो तो सावलीसाठी. जूनमधलं ऊन होतं, आणि इंग्लंडात ऊन पडलं की ते बोचतं.

आत एकसारख्या दगडांच्या लांब रांगा दिसल्या. जवळ जाऊन वाचू लागलो, तर एकेका दगडावर अनेक नावं. मला वाटलं, एकेक कुटुंब असेल. पण आडनावं वेगळी. वयं वेगळी. मृत्यूच्या तारखा मात्र एकमेकींना लागून. दगडाच्या पाठीमागे गेलो, तर तिथेही तशीच यादी. या 'गिनी ग्रेव्ह्ज', म्हणजे एका गिनीच्या कबरी. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. ज्यांना स्वतंत्र कबर परवडत नसे, पण आपलं माणूस बेवारशासारखं निनावी खड्ड्यात जाऊ नये असं वाटे, ते एक गिनी भरत. त्या बदल्यात सामाईक कबरीत जागा आणि सामाईक दगडावर नाव. जिवंतपणी एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं तिथे एकाखाली एक नोंदली गेली आहेत, आमच्या बँकेच्या लेजरमधल्या खात्यांसारखी.

सगळ्यांत जास्त नावं लहान मुलांची आहेत. काही महिन्यांची, वर्षाची, तीन वर्षांची. कामगाराच्या तेव्हाच्या मिळकतीत एकवीस शिलिंग ही किती मोठी रक्कम! कुणी ती उसनी आणली असेल, कुणी आठवड्याच्या पगारातून पै पै काढली असेल. कशासाठी? तर दगडावर एका ओळीसाठी. मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले. 'कर्जाचा उद्देश' हा रकाना प्रत्येक अर्जात असतो. या उद्देशासाठी अर्ज आला असता तर मी काय शेरा मारला असता, याचा विचार करत बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिलो.

बाकांचंही या देशात एक वेगळंच प्रकरण आहे. राऊंडहे पार्कमध्ये तळ्याकाठी पुष्कळ बाकांवर लहानशी पितळी पट्टी असते. अमुक एकीला ही जागा फार आवडायची, म्हणून तिच्या नवऱ्याने, मुलांनी हा बाक ठेवला. मी रोज वेगळ्या बाकावर बसायचो. बसण्यापूर्वी नाव वाचायचो. कुणाच्या घरी गेल्यावर आधी यजमानांना नमस्कार करावा, तसं.

हेडिंग्ले आणि सहा कप

क्रिकेटचं वेड असलेला माणूस लीड्सला जाऊन हेडिंग्लेला गेला नाही, असं कसं होईल? बस बदलून एक दिवस तिथे गेलो. मैदान साध्या विटांच्या घरांच्या रांगांमध्ये असं दडलंय, की अगदी जवळ जाईपर्यंत पत्ता लागत नाही. एका बाजूला क्रिकेट, दुसऱ्या बाजूला रग्बी, आणि मध्ये दोन्हींचा सामाईक स्टँड. इथेही पाठीला पाठ!

याच मैदानावर १९५२ साली फ्रेड ट्रूमनच्या पदार्पणाच्या कसोटीत आपल्या दुसऱ्या डावाची शून्य धावांवर चार बाद अशी अवस्था झाली होती. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. आमचे वडील त्या धावफलकाची आठवण घरातल्या दुखवट्यासारखी काढत. पहिल्या डावात मांजरेकरांनी १३३ केल्या होत्या, हे ते न विसरता जोडत. त्याची भरपाई १९८६च्या जूनमध्ये झाली. दिलीप वेंगसरकरांनी या मैदानावर ६१ आणि नाबाद १०२ काढल्या आणि आपण २७९ धावांनी जिंकलो. तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका शाखेत होतो, नुकतंच लग्न झालेलं. रेडिओला कान लावून बसलेल्या माझ्यापुढे हिने चहाचा कप आपटला होता, तो आवाज अजून आठवतो.

कदाचित म्हणूनच, मैदानावरून निघून मुख्य रस्त्यावर आलो आणि एका चॅरिटी शॉपच्या काचेत सहा कप-बश्या पाहिल्या, तेव्हा पाय अडखळले.

चॅरिटी शॉप म्हणजे धर्मादाय संस्थेने चालवलेलं जुन्या वस्तूंचं दुकान. कॅन्सर, हृदयरोग, अंध, अनाथ, मांजरं, अशी प्रत्येकाची आपापली दुकानं. वस्तू दान आलेल्या, गल्ल्यावर बहुधा बिनपगारी काम करणारी वयस्कर मंडळी. माझ्यातल्या बँकवाल्याने त्याचं अर्थकारण लगेच समजून घेतलं. धर्मादाय म्हणून स्थानिक करात ८० टक्के सूट, मालाची खरेदी शून्य. शिवाय देणारा करदाता असेल, तर 'गिफ्ट एड' योजनेखाली त्याच्या दानातून मिळालेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार आणखी पंचवीस पेन्स संस्थेला देतं. इतर दुकानं बंद पडत असताना ही का टिकतात, ते उघड आहे.

पण ते सहा कप! पातळ चिनीमातीचे, कडेला निळी वेल. एकाचाही टवका उडालेला नव्हता. सोबत चहाची किटली, साखरेचं भांडं, आणि विणलेला टी-कोझी. असा पूर्ण संच कुणी उगाच देत नाही. गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घर रिकामं करताना येतं असं सगळं. आई जाते, मुलं दूर राहतात, शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत सगळं आवरावं लागतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "लोकं पिशव्या ठेवतात आणि पटकन निघून जातात. मी अडवत नाही."

पुण्याला आमच्या बेडरूममध्ये हिचं कपाट दोन वर्षं बंद होतं. किल्ली माझ्याकडे, टेबलाच्या वरच्या खणात. मुलीने दोनदा विचारलं होतं, "बाबा, मी आले की आवरू या का?" मी दोन्ही वेळा विषय बदलला. हिच्या हयातीत कपाट दिवाळीआधी नेमाने आवरलं जायचं आणि बोहारीण यायची. हिची घासाघीस म्हणजे सोहळा असे. तीन साड्या, दोन पँटी आणि वर एक शर्ट घेऊन बोहारीण एक पातेलं पुढे करायची. ही झाकण मागायची. तासाभराने झाकण मिळायचं. आता बोहारणी फारशा दिसत नाहीत. आणि दिसली असती, तरी मी घासाघीस कशी करणार होतो?

कप मी घेतले नाहीत. घेऊन कुणाला चहा देणार?

पाच पौंडांचं कर्ज

घड्याळाचा माग काढत मी शेवटी कर्कगेट मार्केटला पोचलो. १९०४ सालचा तो भव्य, लोखंड-काचेचा मंडप. वर रंगवलेले पंखवाले सर्प, खाली खाटीक, कोळी, भाजीवाले, बटणं आणि रिळं विकणारे. मागच्या दालनांचा मोठा भाग १९७५च्या आगीत जळाला होता, हा मंडप वाचला. आपल्या महात्मा फुले मंडईत शिरल्यावर जो थंडावा आणि कल्ला एकदम अंगावर येतो, तोच इथेही आला.

इथल्या बाजारात १८८४ साली मायकेल मार्क्स नावाच्या तरुणाने एक ठेला मांडला. रशियन साम्राज्यातल्या स्लोनिम गावाहून आलेला हा ज्यू निर्वासित. इंग्रजी यथातथाच. आधी तो गावोगाव पाठीवर गाठोडं घेऊन फिरायचा. माल भरायला भांडवल नव्हतं. आयझॅक ड्यूहर्स्ट नावाच्या घाऊक व्यापाऱ्याने त्याला पाच पौंड दिले. ना तारण, ना जामीन. बोलता न येणाऱ्या मार्क्सने मग ठेल्यावर पाटीच लावली, भाव विचारू नका, सगळं एका पेनीला. पुढे व्यवसाय वाढला. १८९४ साली ड्यूहर्स्टचाच कॅशियर टॉम स्पेन्सर तीनशे पौंड घालून निम्म्याचा भागीदार झाला. ते 'मार्क्स अँड स्पेन्सर' आज जगभर माहीत आहे.

ही गोष्ट सगळे यशोगाथा म्हणून सांगतात. मी मात्र त्या मंडपात उभा राहून घामाघूम झालो. १९८४ साली, म्हणजे मार्क्सच्या ठेल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, मी एका लहान गावच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एक बोहारीण माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. हजार रुपये हवे होते, नांदेडहून घाऊक भांडी आणायला. सावकार रोजच्या व्याजाने देत होता. चार टक्के दराची सरकारी योजना तेव्हा होती, तिच्यात बसवता आलं असतं. मी जामीनदार आहे का विचारलं. पक्कं घर आहे का विचारलं. रेशनकार्ड कोणत्या गावचं, ते विचारलं. ती म्हणाली, "सायेब, जुनं कापड कोणाच्या घरात नाही? मला फक्त भांडे लागतेत." धंद्याचं गणित तिने एका वाक्यात मांडलं होतं. मी तिला कागदपत्रं घेऊन पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. ती येणार नाही हे मला माहीत होतं. ती आली नाही.

नियमाने मी चुकलो नव्हतो. वसुली थकली असती तर मेमो मला आला असता. तरीही ड्यूहर्स्टने पाच पौंड दिले ते कागद बघून नाही, समोरचा माणूस बघून, हे त्या ठिकाणी मनातून जाईना. पुढे मी पुष्कळ लहान कर्जं दिली, बरीचशी फिटली. पण गिनीच्या दगडावर असतं तसं तिचं नावसुद्धा माझ्याकडे नाही. मी अर्जच लिहून घेतला नव्हता.

पडदे उघडले का?

शेजारच्या घरात एक बाई एकट्या राहत. ऐंशी पार केलेल्या. ताठ कणा, रोज गुलाबांशी काहीतरी खुडबुड. काळा डबा कोणत्या दिवशी रस्त्यावर काढायचा, कागद-प्लास्टिकचा हिरवा कोणत्या दिवशी आणि बागेच्या पाल्याचा तपकिरी कोणत्या दिवशी, हे पंचांग मला त्यांनीच शिकवलं. आमची मैत्री कचऱ्यावरून झाली, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांची तक्रार एकच. जवळची बँक बंद झाली. २०१५पासूनच्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये सहा हजारांवर शाखा बंद झाल्या आहेत. ज्या यॉर्कशरमध्ये १८५९ साली, गरिबाला एक पेनीसुद्धा शिल्लक टाकता यावी म्हणून खास पेनी बँक निघाली, तिथे आता म्हातारी माणसं बसने शहरात जाऊन पैसे काढतात. "काउंटरवरची मुलगी माझ्या मांजराची चौकशी करायची," बाई म्हणाल्या. मी गप्प बसलो. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी तासन् तास बसणारे, काम होऊनही न हलणारे आजोबा मला आठवले. तेव्हा मी कुरकुरायचो.

एकटेपणाचा प्रश्न या देशाने दडवलेला नाही. लीड्सच्या शेजारच्या बॅटली अँड स्पेन मतदारसंघाच्या खासदार जो कॉक्स यांनी तो लावून धरला होता. २०१६ साली त्यांची हत्या झाली. त्यांच्या नावाच्या आयोगाने काम पुढे नेलं, आणि २०१८ साली ब्रिटनने या विषयासाठी मंत्री नेमला. एकटेपणाचं खातं! बातमी वाचून आपण हसलो होतो. लीड्समध्ये वस्तीवस्तीत ज्येष्ठांसाठी शेजार-संस्था आहेत. सहभोजन, सहल, दवाखान्यात सोबत, असलं साधंच काम करतात.

बाईंना एकदा भीत भीत विचारलं, "रात्री काही झालं तर?" त्यांनी समोरच्या घराकडे बोट दाखवलं. "तिथे एक तरुण जोडपं राहतं. नऊपर्यंत माझे पडदे उघडले नाहीत, तर ती येऊन बेल वाजवते. सहा वर्षांत दोनदा यावं लागलं तिला. एकदा मी पडले होते." मी विचारलं, "आणि दुसऱ्यांदा?" म्हणाल्या, "झोप लागली होती. दोघी खूप हसलो."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलगी आणि मी राऊंडहे पार्कात गेलो. ऑगस्ट संपत आला होता, तरी आठ वाजता छान उजेड. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही झालं तर मी इथून पोचेपर्यंत..." पुढचं बोलली नाही. मी तिला पडद्यांची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, "डिसेंबरात तू ये. कपाट आवरू या." तिने माझा हात धरला. एवढंच झालं.

पुण्याला आल्यावर पहिलं काम केलं ते समोरच्या फ्लॅटची बेल वाजवण्याचं. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात. सात वर्षांत आमचं बोलणं लिफ्टमधल्या नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं. आता ठरलंय, सकाळी सातपर्यंत दुधाची पिशवी दारातून आत गेली नाही, तर दुसऱ्याने बेल वाजवायची. एकमेकांच्या किल्ल्याही दिल्या आहेत.

डिसेंबरात मुलगी आली, कपाट उघडलं. दोन दिवस लागले. चार साड्या तिने ठेवल्या. बाकीच्या आमच्या कामवाल्या मावशींनी त्यांच्या वस्तीतल्या बायकांकडे पोचवल्या. घासाघीस कुणीच केली नाही. कपाटाच्या तळाशी एक स्टीलचं पातेलं निघालं, कोरं, झाकणासकट.

परवा मुलीचा फोन आला. विचारत होती, "बाबा, आज किती चाललात?"

म्हटलं, "मंडईपर्यंत."